इंजिन धुवायचं कशानं?

लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यात डांबरी रस्ता सोडून शेताकडं वळलं की एखाद्या आखाड्याच्या कडेला, कडब्याच्या गंजीआड, फाटक्या ताडपत्रीखाली जुनी गाडी उभी दिसते. बहुतेक वेळा जीप, कधी फियाट, क्वचित ॲम्बॅसॅडर. कधी काळी ती डॉक्टरांची, आडत्याची किंवा राजकारणातल्या घराची असायची. सुटे भाग मिळेनासे झाले, ओळखीचे मिस्त्री थकले आणि गाडी शेतात येऊन थांबली. आता त्या घरांतली नातवंडं पुण्यात नाहीतर हैदराबादेत नोकरीला आहेत आणि आजोबांची गाडी पुन्हा चालू करायचं त्यांच्या मनात आहे. ही हौस मला मनापासून आवडते. तिला कायद्याचाही आधार मिळाला आहे. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले: ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, २०,००० रुपये शुल्क, १० वर्षांची मुदत आणि नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी की सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे मूळचं इंजिन भंगारात घालून दुसरं बसवायचा सोपा रस्ता इथं चालत नाही. तेच इंजिन खोलायचं, धुवायचं आणि पुन्हा जोडायचं.

खोलल्यावर जे दिसतं त्यानं पहिल्यांदा काम करणारा हबकतो. ऑइल चेंबरच्या तळाशी बोटभर काळा गाळ, वॉल्वभोवती दगडासारखा कार्बन, बाहेरून तेलात मुरलेली काळी माती, तिच्यात सोयाबीनची गुळी आणि उंदरानं आणून ठेवलेलं कापूस-चिंध्यांचं घरटं. हे सगळं कशानं धुवायचं, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. गॅरेजात तो कुणी फारसा विचारत नाही. हाताशी असेल त्यानं धुतात: पेट्रोल, डिझेल, कॉस्टिक, नाहीतर वॉशिंग सेंटरची पाण्याची तोटी. पण या निवडीवर इंजिनचं उरलेलं आयुष्य ठरतं, गावचं पाणी बिघडतं किंवा वाचतं, आणि धुणाऱ्या पोराच्या हातांचं काय होणार हेही ठरतं. निलंग्यासारख्या कडक उन्हाच्या आणि अपुऱ्या पाण्याच्या गावात पेट्रोल आणि धो-धो पाणी या दोन्ही गोष्टी सर्वांत आधी बाद कराव्यात आणि मग धातू पाहून पुढचं ठरवावं, असं माझं ठाम मत आहे. त्यामागची कारणं पुढं येतीलच.

आधी मळ ओळखायला हवा, कारण त्याच्या जाती वेगळ्या आणि प्रत्येकीवरचा उपायही वेगळा. बाहेरचा थर म्हणजे तेल आणि माती. तो खरवडून निघतो. आतला गाळ म्हणजे जुनं होऊन आंबटलेलं तेल, काजळी आणि पाण्याची वाफ यांचं मिश्रण. तो रॉकेलसारख्या द्रावकात सैल होतो. पिस्टनच्या बाजूला तांबूस-तपकिरी चकचकीत लेप दिसतो. ते तेल उष्णतेनं घट्ट होऊन बसलेलं असतं, आणि साध्या रॉकेलला ते दाद देत नाही. पिस्टनच्या डोक्यावरचा आणि वॉल्वच्या मागचा कार्बन तर कुठल्याच द्रावकात पुरता विरघळत नाही. तो भिजवून, मऊ करून खरवडावा लागतो. कार्बोरेटरमध्ये उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून गेल्यावर राहिलेला चिकट डिंक असतो. आणि पाण्याच्या वाटांमध्ये गंज आणि क्षार. या सगळ्यांवर एकच औषध चालेल असं सांगणारा माणूस एक तर विकणारा असतो, नाहीतर त्यानं इंजिन शेवटपर्यंत जोडलेलं नसतं.

जुन्या पेट्रोल इंजिनातल्या कार्बनबद्दल एक गोष्ट आपल्याकडं बोललीच जात नाही. भारतात शिसंविरहित पेट्रोल सगळीकडं सक्तीचं झालं ते १ फेब्रुवारी २००० पासून. त्याआधी चाललेल्या प्रत्येक फियाट-ॲम्बॅसॅडरच्या ज्वलनकक्षात शिशाची संयुगं साचलेली आहेत. हा कार्बन कोरडा खरवडला, ड्रिलला वायर ब्रश लावून उडवला, की ते शिसं धुळीतून फुप्फुसात जातं. तसंच जुन्या हेड गॅस्केटमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. कंप्रेसरची हवा मारून ब्रेकचा ड्रम साफ करायची सवय म्हणूनच सर्वांत वाईट. हा कार्बन आणि हे भाग ओले ठेवून काम करायचं, चिंधीनं पुसून घ्यायचं आणि ती चिंधी पिशवीत बंद करायची. खर्च काहीच नाही.

मळानंतर धातू. ॲम्बॅसॅडरचं १४८९ सीसीचं जुनं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या आराखड्याचं. ब्लॉकही बिडाचा आणि हेडही बिडाचं. प्रीमियर पद्मिनीचं, म्हणजे मूळच्या फियाट ११०० चं, १०८९ सीसीचं इंजिन मात्र बिडाच्या ब्लॉकवर अल्युमिनियमचं हेड असलेलं. कार्बोरेटरचा सांगाडा बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा, त्यातले जेट पितळेचे. पिस्टन अल्युमिनियमचे. वॉल्व कव्हर पत्र्याचं. एकाच इंजिनात चार-पाच धातू नांदतात, आणि एकाला मानवणारं रसायन दुसऱ्याला खाऊन टाकतं. म्हणून सुटे केलेले भाग धुण्याआधी धातूप्रमाणे वेगवेगळ्या पराती-डब्यांत लावून ठेवावेत. लोहचुंबक फिरवलं की लोखंड आणि बीड बाजूला होतंच.

आता द्रावकांकडं. पिढ्यान्‌पिढ्या मराठवाड्यातल्या गॅरेजांचं मुख्य साधन होतं रॉकेल. परात, जुना टूथब्रश, रंगाचा ब्रश आणि रॉकेल. रेशनवरचं निळं रॉकेल दुर्मिळ झालं तशी त्याची जागा डिझेलनं आणि, दुर्दैवानं, पेट्रोलनं घेतली. पेट्रोल मळ पटकन काढतं आणि लगेच वाळतं, म्हणून ते मिस्त्रींना आवडतं. पण त्याची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते आणि गाडीखालच्या खड्ड्यात साचते. परात दाराशी, चहाचा स्टोव्ह पंधरा फुटांवर, मध्ये ही न दिसणारी वाफ. आणखी जोखमीचा प्रकार म्हणजे कंप्रेसरच्या गननं पेट्रोल किंवा डिझेल फवारणं. डिझेल परातीत सहसा पेटत नाही, पण त्याचा बारीक फवारा हवेत मिसळला की तो सहज पेट घेतो. ‘डिझेल मारून देतो’ असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नको म्हणावं.

रॉकेल सुरक्षित, अशी एक पक्की समजूत आहे. ती थंड हवेच्या गावात ठीक. भारतीय मानकाप्रमाणे रॉकेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो, म्हणजे त्या तापमानापासून पुढं त्याची वाफ ठिणगीनं पेटण्याइतकी तयार होऊ शकते. निलंग्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. पत्र्याच्या शेडखाली, उन्हात ठेवलेल्या परातीत तर त्याहून जास्त. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात रॉकेलची परात चक्क धोक्याच्या रेषेपलीकडं असते. अमेरिकेत कपड्यांची ड्राय क्लीनिंगची दुकानं पेट्रोलसारख्या द्रावकांमुळं जळायची, तेव्हा १९२० च्या दशकात अटलांटातला एक धुलाई व्यावसायिक, स्टॉडर्ड, यानं मेलन इन्स्टिट्यूटच्या रसायनतज्ज्ञांबरोबर कमी ज्वलनशील द्रावक ठरवून घेतलं. त्याचा फ्लॅश पॉइंट १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सिअस. पुढं जगभरच्या गॅरेजांनी तेच भाग धुवायला घेतलं. आपल्याकडं रंगाच्या दुकानात एमटीओ, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन ऑइल, मिळतं ते त्याच जातकुळीतलं. पण तेही ३८ अंश गाठणाऱ्या गावासाठी बनलेलं नाही. सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतर, सावलीत, वाहत्या हवेत, झाकण असलेल्या डब्यात काम करायचं, एवढं केलं तर रॉकेल आणि एमटीओ दोन्ही चालतात.

वापरण्याची रीतही महत्त्वाची. दोन पराती ठेवाव्यात, एक मळकी आणि एक स्वच्छ. भाग आधी मळकीत घासायचा, मग स्वच्छमध्ये बुडवून काढायचा. मळकी परात रात्रभर स्थिर राहू दिली की गाळ तळाशी बसतो; सकाळी वरचं रॉकेल जाड कापडातून गाळून पुन्हा वापरता येतं. असं केलं तर एक अख्खं इंजिन पाच लिटरच्या एका कॅनमध्ये बऱ्यापैकी धुऊन होतं. आणि परातीला हात लावण्याआधी कोरडं काम पुरतं करावं. लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं थर खरवडायचा, वरून लाकडाचा भुसा टाकायचा, तो तेल शोषून घेतो, मग झाडायचं. बाहेरच्या मळाचा बहुतेक भाग असाच निघतो. द्रावक ओतायची घाई केली की हाच मळ पातळ होऊन आतल्या छिद्रांमध्ये जातो, आणि तिथून काढायला दुप्पट कष्ट पडतात.

आता हातांबद्दल. धुण्याचं काम गॅरेजात नेहमी सर्वांत लहान पोराकडं येतं. उस्ताद वॉल्व बसवतो, पोऱ्या परातीत हात घालतो. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं; भारतात त्याची मर्यादा १ टक्का ठरवलेली आहे, आणि बेंझीनमुळं रक्ताचा कर्करोग होतो हे निर्विवाद आहे. तेल आणि द्रावक रोज लागून कातडी फाटते, भेगा पडतात, इसब होतं. वर संध्याकाळी हात धुवायला पुन्हा पेट्रोल आणि कपड्यांची पावडर. नायट्राइलचे निळे हातमोजे आज तालुक्याच्या औषध दुकानातही मिळतात. दवाखान्यातले पांढरे लेटेक्सचे मोजे इथं उपयोगाचे नाहीत, पेट्रोल-रॉकेलमध्ये ते फुगून फाटतात. गाडीवर लाख-दोन लाख खर्च करणाऱ्या मालकानं मोज्यांचा एक डबा स्वतः नेऊन द्यावा आणि पोरानं ते घातल्याशिवाय आपलं काम सुरू होऊ देऊ नये. ही अपेक्षा मला अजिबात मोठी वाटत नाही.

क्लोरीनवाल्या द्रावकांचा काळ आता सरला आहे, तरी त्यांची नावं अजून ऐकू येतात. कार्बन टेट्राक्लोराइडनं धातू चकचकीत स्वच्छ व्हायचे. ओझोनच्या थराला ते घातक म्हणून माँट्रिअल करारानुसार भारतानं २०१० च्या सुरुवातीपासून त्याचा असा वापर थांबवला. ट्रायक्लोरोएथिलीन अजून कारखान्यांत दिसतं. ते माणसाला कर्करोग देतं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं नोंदवलेलं आहे. घरच्या किंवा गावच्या कामात दोन्हींना जागा नाही. फवाऱ्याच्या डब्यातल्या ब्रेक क्लीनरवर क्लोरीनयुक्त द्रावकाचं नाव दिसलं तर त्यानं धुतलेल्या भागाजवळ वेल्डिंग करू नये. उष्णतेनं त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

कॉस्टिक सोड्याची गोष्ट निराळी. बिडाच्या ब्लॉकसाठी त्यासारखं प्रभावी काही नाही. लोखंडी ड्रममध्ये लिटरला साधारण ५० ग्रॅम कॉस्टिक, खाली जाळ, पाणी उकळीच्या जरा खाली, त्यात ब्लॉक काही तास ठेवला की रंग, गाळ, जुना तेलकट लेप सगळं सुटून येतं. मात्र तो इंजिन ऑइलचा साबण करतो ही समजूत चुकीची आहे. साबण होतो तो करडीच्या, शेंगदाण्याच्या, एरंडीच्या तेलाचा. इंजिनातलं तेल खनिज असतं. कॉस्टिक त्याला फक्त सैल करून धातूपासून सोडवतो. म्हणून त्यात थोडी साबणाची पावडर टाकली तर काम जास्त चांगलं होतं.

पण याच ड्रममध्ये कुणी फियाटचं हेड किंवा पिस्टन टाकला की संपलं. कॉस्टिक अल्युमिनियमला अक्षरशः विरघळवतो, फेस येतो, आणि तो फेस हायड्रोजनचा असतो; जवळ जाळ असेल तर स्फोट. कार्बोरेटरचं जस्तही तसंच जातं. घरातलं जर्मनचं पातेलं या कामाला घेणं हाही त्यातलाच प्रकार. पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं टाकायचं. कोरड्या कॉस्टिकवर पाणी ओतलं तर ते उसळून तोंडावर येतं. डोळ्याला चष्मा, हाताला कोपरापर्यंतचे रबरी मोजे, आणि जवळ स्वच्छ पाण्याची भरलेली बादली असल्याशिवाय ड्रमचं झाकण उघडू नये. डोळ्यात थेंब गेला तर किमान पंधरा-वीस मिनिटं पाण्याचा सपका आणि मग थेट दवाखाना. ज्याच्याकडं एवढी तयारी नाही त्यानं धुण्याच्या सोड्यावर समाधान मानावं. गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि ब्रश यांनी बीड आणि लोखंड उत्तम स्वच्छ होतं, फक्त वेळ जास्त लागतो. अल्युमिनियमला सोडाही फार वेळ लावू नये, ते काळं पडतं. त्याला कोमट पाणी आणि भांडी घासायचा सौम्य द्रव साबण पुरेसा.

सोडा आणि साबण म्हटलं की पाणी आलं, आणि पाणी म्हटलं की लातूर जिल्ह्यात माणूस जरा थांबतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींत मिळून ५ लाख लिटर पाणी होतं. त्याआधी मार्चमध्ये पाणवठ्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. हे ज्यांनी भोगलं त्यांच्या गावात वॉशिंग सेंटरच्या तोटीखाली इंजिन धरणं मला पटत नाही. अगदी छोटा प्रेशर वॉशरही मिनिटाला ६ ते ८ लिटर पाणी ओढतो. अर्धा तास चालला की दोनशे लिटर गेलं. शिवाय त्या धारेनं मळ बेअरिंगच्या आत आणि इग्निशनच्या जोडांत घुसतो. दोन बादल्या गरम पाणी, टबात ब्रशनं घासणं आणि शेवटी एक तांब्याभर उकळतं पाणी वरून ओतणं एवढ्यात तेच काम होतं.

आपलं पाणी जडही आहे. बसाल्टच्या खडकातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. साबण फेसाळत नाही, उलट त्याचा चिकट पांढरा थर भागांवर बसतो. सोडा आधी टाकून पाणी तासभर ठेवलं तर क्षार खाली बसतात आणि वरचं पाणी साबणाला चालतं. शेवटच्या धुण्याला उकळतं पाणीच का, तर त्यानं धातू इतका तापतो की पाणी स्वतःच उडून जातं आणि गंज धरायला वेळ मिळत नाही. तरीही उघडं बीड काही मिनिटांत तांबूस होऊ लागतं. म्हणून वाळताच हलकं तेल फिरवायचं, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं, चिठ्ठी लावायची.

लेथवरून ब्लॉक बोअर करून आणला की पुढची सफाई सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच सर्वांत जास्त चुकते. होनिंग करताना घासदगडाचे बारीक कण बिडाच्या छिद्रांत रुतून बसतात. रॉकेलनं किंवा पेट्रोलनं पुसलं की तेल जातं आणि कण तिथंच राहतात. पृष्ठभाग स्वच्छ दिसतो, बोटाला काही लागत नाही. हेच कण नव्या रिंगांना पहिल्या काहीशे किलोमीटरांत झिजवतात, आणि मग ‘रिंगा खराब निघाल्या’ म्हणून दुकानदाराशी वाद होतो. सिलेंडर गरम पाणी आणि साबणानं, ताठ ब्रशनं, पुन्हा पुन्हा घासूनच हे कण निघतात. परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या सुती कापडाला थोडं तेल लावून सिलेंडरमधून फिरवायचं. करडा डाग आला तर पुन्हा धुवायचं. कापड पांढरं राहीपर्यंत थांबायचं नाही, मग लगेच तेल. जगभरचे इंजिन बांधणारे इथं द्रावक सोडून साबण-पाण्याकडं वळतात. थोडं पाणी राखून ठेवायचं ते या कामासाठी.

दुसरी जागा तेलाच्या वाटांची. क्रँकच्या बेअरिंगमध्ये आणि शाफ्टमध्ये सुटलेली जागा साधारण पाच शतांश मिलिमीटर असते, माणसाच्या केसाहूनही कमी. तेवढ्याच फटीतून तेलाचा पडदा सगळं वजन पेलतो. ब्लॉकच्या पोटातून जाणाऱ्या तेलाच्या लांब नळ्यांच्या टोकांना बुचं ठोकलेली असतात, आणि बहुतेक मिस्त्री ती काढत नाहीत, कारण काढणं कष्टाचं आणि नवी बुचं शोधणं त्याहून कष्टाचं. पण तीस वर्षांचा गाळ तिथंच असतो. क्रँकमध्ये तर फिरण्याच्या जोरानं तेलातला जड मळ बाहेरच्या बाजूला फेकला जाऊन आतल्या पोकळीत घट्ट बसतो. बाहेरून आरशासारखं चमकणारं इंजिन या वाटा बंद असताना जोडलं, की सुटलेला पहिला तुकडा बेअरिंग खातो. बुचं काढावीत, बंदुकीची नळी साफ करतात तसला लांब ब्रश आतून फिरवावा, रॉकेल सोडावं, हवा मारावी, दुसऱ्या टोकाला पांढरं कापड धरावं. एखाद्याकडं पैसे आणि वेळ मोजकेच असतील तर बाहेरचा रंग आणि चकाकी सोडून द्यावी, ही जागा मात्र सोडू नये.

गंजावर उपाय अनेक, आणि घरगुती उपायही बरे चालतात. चिंचेच्या कोळानं पितळेचे भाग स्वच्छ होतात हे कुठल्याही स्वयंपाकघराला ठाऊक आहे. लिंबूसत्त्व, लिटरला ५० ग्रॅमच्या आसपास, लोखंडावरचा गंज काही तासांत काढतं. मग सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारायचं आणि तेल लावायचं, नाहीतर गंज दुप्पट वेगानं परत येतो. अंबुलग्याला साखर कारखाना असलेल्या तालुक्यात मळीचं नाव निघणारच. एक भाग मळी आणि नऊ-दहा भाग पाणी यांत गंजलेलं लोखंड दोन-तीन आठवडे ठेवलं की गंज निघतो आणि चांगला धातू शाबूत राहतो. परदेशातले जुन्या ट्रॅक्टरचे शौकीन हे आवर्जून करतात. मळीची खरेदी-वाहतूक आपल्याकडं राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याखाली येते, म्हणून काकवी घ्यावी. वास येतो, माशा येतात, शेतातला कोपरा बरा. अल्युमिनियम आणि बेअरिंगचा पांढरा धातू त्यात मुळीच टाकायचा नाही. बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा वापरून विजेनं गंज काढायची पद्धतही चांगली, पण गंजलेल्या भागासमोर टांगायचा तुकडा साध्या लोखंडाचाच हवा. स्टेनलेस स्टील लावलं तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. तिथंही हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर. वॉल्वच्या स्प्रिंगा या पद्धतीनं किंवा आम्लानं साफ करू नयेत, त्या ठिसूळ होऊन चालत्या इंजिनात तुटतात.

वाळू मारून साफ करून देणारे लातूर-सोलापूरच्या औद्योगिक वसाहतींत भेटतात. सिलिकाची धूळ सिलिकोसिस देते आणि त्यावर इलाज नाही, ते टाळायला एवढं कारण पुरे. काचेच्या मण्यांनी अल्युमिनियम देखणं होतं, पण एक मणी तेलाच्या वाटेत अडकला तर इंजिन गेलं. इंजिनच्या आतल्या भागांना ते लावू नयेच. घासपट्टीच्या फिरत्या चकत्यांबद्दल जनरल मोटर्सनं आपल्या मेकॅनिकांना लेखी ताकीद दिलेली आहे: त्यातून सुटणारे कण तेलात जाऊन बेअरिंग खराब करतात. आणखी एक इशारा आपल्या कायद्यामुळं. ब्लॉकवरचा इंजिन नंबर जिथं कोरलेला असतो तिथं वायर ब्रश, ब्लास्टिंग किंवा आम्ल काहीही नको. तो पुसट झाला की आरटीओच्या तपासणीत गाडीची ओळख पटवणं अवघड होतं. धुण्याआधी त्याचा फोटो काढावा आणि ती जागा ग्रीसनं झाकावी.

कार्बोरेटरसाठी एक छान सोय हाताशी आहे. चष्मेवाल्यांकडं आणि काही सराफांकडं अल्ट्रासॉनिकचं छोटं यंत्र असतं. त्यात द्रवामध्ये सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि सुईच्या टोकाइतक्या छिद्रातला डिंकही बाहेर येतो. जेटमध्ये तार घालण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण तारेनं छिद्र मोठं होतं आणि पेट्रोलचं प्रमाण कायमचं बिघडतं. भाग आधी धुऊन नेले आणि द्रव आपला नेला तर ओळखीचा दुकानदार नाही म्हणत नाही.

सर्वांत जास्त आशा मला वाटते ती सोयाबीनबद्दल. सोयाबीनच्या तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून मिथाइल एस्टर बनतं; अमेरिकेत ते यंत्रांचे भाग धुवायला वर्षानुवर्षं वापरात आहे. द्रावकाची ताकद मोजायच्या कौरी-ब्युटॅनॉल मापात ते ५८ च्या आसपास येतं, एमटीओसारखी द्रावकं तीस-पस्तीसच्या घरात. आणि त्याचा फ्लॅश पॉइंट १५० अंशांच्या वर, म्हणजे मे महिन्याच्या दुपारीही चिंता नाही. ते हळू काम करतं, रात्रभर भिजवावं लागतं, मागं तेलकट पापुद्रा ठेवतं तो साबणानं धुवावा लागतो, आणि रबरी सील फुगवतं. हे दोष मला क्षुल्लक वाटतात. ज्या जिल्ह्याचा बाजार सोयाबीनच्या भावावर श्वास घेतो, जिथं तेलगिरण्या दाराशी आहेत, तिथल्या गॅरेजात आगीची भीती असूनही पेट्रोलची परात वापरली जावी हे खटकतं. लातूरच्या एखाद्या तंत्रनिकेतनानं किंवा आयटीआयनं हा प्रयोग हाती घ्यावा. रसायनशास्त्र अवघड नाही आणि कच्चा माल गावात आहे.

हंगामाचंही बघावं लागतं. उन्हाळ्यात आगीची भीती आणि पाण्याची चणचण, पावसाळ्यात धुतलेला भाग रात्रीत गंजतो. दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंतचा काळ या कामाला उत्तम: हवा कोरडी, पारा खाली, विहिरीला पाणी.

राहिला धुऊन उरलेला काळा द्रव. आपल्याकडं जळकं ऑइल वाया जात नाही असं अभिमानानं सांगतात: सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, वाळवीसाठी लाकडाला फासतात, भट्टीत जाळतात. पण जुन्या पेट्रोल इंजिनाच्या गाळात शिसं आहे, आणि ते जाळलं की हवेत, फासलं की हातावर जातं. बाकीचं नालीत. नालीतून ओढ्यात, ओढ्यातून तेरणेत, तेरणा पुढं मांजरेला मिळते. काळ्या मातीच्या भेगांतून आणि खालच्या फुटक्या बसाल्टातून ते बोअरपर्यंतही पोचतं. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं आणि ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच देता येतं. एका गॅरेजचे पाच-दहा लिटर न्यायला कुणी निलंग्याला येणार नाही, हे खरं आहे. पण गावातल्या गॅरेजवाल्यांनी मिळून एका ठिकाणी झाकणाचा दोनशे लिटरचा ड्रम ठेवला, तेलाचा वेगळा आणि रॉकेलच्या गाळाचा वेगळा, तर तो भरल्यावर गाडी बोलावणं परवडतं. तेलात कॉस्टिकचं पाणी किंवा ब्रेक क्लीनर मिसळला तर कुणी ते घेत नाही. कॉस्टिकचं पाणी वेगळ्या ड्रममध्येच थंड होऊ द्यावं आणि झाकून ठेवावं. भुसा आणि चिंध्या कोरड्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. जवसाच्या तेलाचा रंग लागलेल्या चिंध्या त्यांत मिसळू नयेत, त्या ढिगात आपोआप तापून पेट घेतात. डब्यावर आत काय आहे ते ऑइल पेंटनं मोठ्या अक्षरात मराठीत लिहावं, म्हणजे नव्यानं आलेल्या पोरालाही विचारावं लागणार नाही.